माहिती मिळाली हो, पण वापरायची कशी? (१८६ पानं, एक शीट आणि पाटलांचं गटार)

खडूफळा | मंगळवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. थोडं रडगाणं आणि थोडी मदत, अशा दोन्ही कारणांसाठी धागा काढतोय. आमचं गाव नगरपरिषदेचं, नाव मुद्दाम देत नाही, लगेच कोणीतरी ओळखीचा निघतो आणि मग विषय बाजूलाच राहतो.

तर झालं असं की आमच्या प्रभागात गेल्या तीन वर्षांत रस्ते आणि गटारांची किती कामं झाली, कितीला झाली, कोणी केली, एवढंच हवं होतं. माहिती अधिकारात अर्ज टाकला. जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, सगळं नियमात. सव्विसाव्या दिवशी पत्र आलं, १८६ पानं होतात, दोन रुपये पानाप्रमाणे ३७२ रुपये भरा. भरले. गठ्ठा मिळाला, मी खूश. घरी येऊन सोडला तर निम्मी पानं झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स, काही आडवी, काही उलटी, एका वर्षाची यादी काम क्रमांकाने, दुसऱ्या वर्षाची ठेकेदाराच्या नावाने आणि तिसऱ्या वर्षाची कशाने ते त्या बाबालाच माहीत. बरं ही यादी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये आहे हे मी टेबलाच्या या बाजूने मान वाकडी करून पाहिलंय. मागितली तर उत्तर मिळालं "तसं देता येत नाही".

मग काय, मुलीची बारावीची परीक्षा झालेली, सुट्टी चालू, रोज जेवणं झाल्यावर ती वाचून दाखवायची आणि मी टाइप करायचो. नऊ रात्री. १४३ कामं शीटमध्ये आली. दहाव्या रात्री तिने कामाच्या नावाने सॉर्ट केलं आणि म्हणाली बाबा हे बघ. "गणपती मंदिर ते पाटील घर आरसीसी गटार" आणि पुढच्याच वर्षी "पाटील घर ते गणपती मंदिर आरसीसी गटार". रक्कम जवळजवळ सारखी, ठेकेदार तोच. गठ्ठ्यात एक १९ व्या पानावर होतं आणि दुसरं १३१ व्या. कागदावर जन्मात दिसलं नसतं.

आता प्रश्न दोन. एक, एक्सेल मागायचा हक्क आहे की नाही? दोन, या गटाराचं पुढे काय करू? प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला हात शिवशिवतायत.

माहितीवाला_नाना | मंगळवार, रात्री ११:२०

मास्तर, आधी पहिल्याचं उत्तर. हक्क आहे. कायद्याचं कलम २(ञ) काढा, त्यात माहितीचा अधिकार म्हणजे काय काय ते लिहिलंय, कामाची पाहणी, टिपणं, प्रती, नमुने, आणि माहिती कॉम्प्युटरवर साठवलेली असेल तर डिस्केट, फ्लॉपी, टेप, व्हिडिओ कॅसेट किंवा इतर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. हो हो, फ्लॉपी आणि व्हिडिओ कॅसेटच, २००५ सालचा कायदा आहे, हसू नका. आणि कलम ७(९) म्हणतं की ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात शक्यतो द्यायची, ऑफिसची साधनसामग्री वाजवीपेक्षा जास्त त्यात अडकणार असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तरच अपवाद. तयार एक्सेल पेनड्राइव्हवर द्यायला कसली साधनसामग्री अडकते ते त्यांनाच लिहून द्यायला सांगा. पुढच्या अर्जात सरळ लिहा, "संगणकावरील मूळ स्प्रेडशीट फाइलच्या स्वरूपात".

आत्ता दिलं नाही म्हणून पहिलं अपील करता येईल, तीस दिवसांत, जोडपत्र ब, वीस रुपयांचा स्टँप. दुसऱ्या अपिलाची घाई करू नका, राज्य माहिती आयोगाकडे तुंबलेली प्रकरणं लाखाच्या घरात आहेत, तुमचा नंबर लागेपर्यंत मुलगी नोकरीला लागेल.

गटाराचं उद्या लिहितो, डोळे मिटतायत. तोवर व्हॉट्सॲपवर टाकू नका!!

मीठभाकर | बुधवार, सकाळी ८:०५

छान धागा, वाचतेय. अगदी बाळबोध प्रश्न आहे, रागावू नका. असली कामांची यादी मागावी का लागते मुळात? वेबसाइटवर नको का?

माहितीवाला_नाना | बुधवार, सकाळी ८:४०

ताई, बाळबोध नाही, मुळावरचाच प्रश्न आहे. कलम ४(१)(ख). सतरा मुद्दे आहेत, कार्यालयाची रचना, अधिकाऱ्यांचे अधिकार आणि पगार, बजेट, कुठल्या योजनेत कोणाला लाभ दिला, कोणाला सवलती-परवाने दिले, हे सगळं कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचं. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत, आणि नंतर दरवर्षी अद्ययावत करायचं. १५ जून २००५ ला राष्ट्रपतींची सही झाली, धरा हिशोब. उद्देश काय, तर लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. कलम ४(२) मध्ये तसं स्वच्छ लिहिलंय.

प्रत्यक्षात काय होतं, कुठल्याही ऑफिसच्या साइटवर जा, "माहितीचा अधिकार" वर क्लिक करा, एक तिरपी स्कॅन केलेली पीडीएफ उघडेल, तिच्यातला जन माहिती अधिकारी रिटायर होऊन नातवंडं खेळवत असतो.

तिरकस_टाचणी | बुधवार, दुपारी १:१५

लंच ब्रेकमधून. स्कॅन केलेली पीडीएफ हा एक आजार आहे पण त्याहून भयंकर म्हणजे जी स्कॅन केलेली नाही तरी वाचता येत नाही ती. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आम्ही पाचसहा जण वीकएंडला असा सरकारी डेटा साफ करत बसतो, बायको म्हणते लोक ट्रेकला जातात तुम्ही टेबलं काढता.

तर ऐका. आपल्याकडे कित्येक वर्षं ऑफिसांत मराठी टाइप व्हायचं ते श्री-लिपीत, कृतीदेवमध्ये नाहीतर सी-डॅकच्या आयएसएमच्या सुरेख वगैरे फाँटमध्ये. हे युनिकोड नव्हेत. दिसायला मराठी, पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. ती पीडीएफ कॉपी करून शीटमध्ये टाकली की "गटार बांधकाम" च्या जागी स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची भेळ येते. कन्व्हर्टर आहेत, पण प्रत्येक फाँटचा वेगळा आणि एकाच पानावर दोन फाँट असले की संपलं. आता बरीच ऑफिसं युनिकोडवर आलीयत तरी पीडीएफमधून काढताना पहिली वेलांटी उडी मारून शेजारच्या अक्षरावर बसते, रफार भलतीकडे जातो. माणूस वाचून घेतो हो, पण मशीनला "निविदा" आणि ते तुटकं काहीतरी हे दोन वेगळे शब्द. मग तुम्ही सर्च केलं तर निम्म्या निविदा सापडतच नाहीत आणि तुम्हाला वाटतं की नाहीतच.

उलट उदाहरण, निवडणूक रोखे. सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला योजना रद्द केली, १४ मार्चला निवडणूक आयोगाच्या साइटवर यादी आली. कशी? दोन वेगवेगळ्या पीडीएफ, एकीत कोणी विकत घेतले, दुसरीत कोणत्या पक्षाने वटवले, मधला दुवाच नाही. त्या रात्री देशभरात किती पत्रकार आणि आमच्यासारखे रिकामटेकडे ती टेबलं शीटमध्ये ओतत बसले होते विचारू नका. मग कोर्टाने पुन्हा कान पिळल्यावर २१ मार्चला रोख्यांचे क्रमांक आले आणि तेव्हा कुठे कोणाचे पैसे कोणाला गेले ते जुळलं. एक कॉलम. सगळं भांडण त्या एका कॉलमचं होतं.

तेव्हा मास्तर, तुमच्या मुलीने जे सॉर्ट केलं ना, ते बटण दाबता येऊ नये म्हणूनच कागद देतात.

लाल_फीत | बुधवार, दुपारी ३:४८

वरचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी स्वतः जन माहिती अधिकारी आहे, कुठे ते विचारू नका. टाचणीसाहेब, तुम्ही समजता तेवढे आम्ही हुशार नाही हो. कागद देण्यामागे कट वगैरे नसतो, भीती असते.

कागदावर सही-शिक्का असतो. एक्सेल दिली आणि कोणी त्यात ४ लाखाचे ४० लाख करून फेसबुकवर टाकले तर मी काय दाखवणार? दुसरं, माहिती अधिकारी हे पद नाही, अतिरिक्त काम आहे. माझ्याकडे आवक-जावक आहे, आस्थापना आहे, निवडणूक आली की ती आहे आणि वर हे. उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, आणि ते माझ्या खिशातून, ऑफिसच्या नाही. अभियंत्याने मला यादी वेळेत दिली नाही तरी नोटीस माझ्या नावावर. तशी कायद्यात सोय आहे की ज्याच्याकडे मदत मागितली त्यालाही जबाबदार धरता येतं, पण मी माझ्याच साहेबाला लेखी जबाबदार धरू? नोकरी करायचीय मला.

आणि खडूफळा सर, तुमच्या गटाराबद्दल. जरा थांबा. रस्त्याला बाजू दोन असतात. पहिल्या वर्षी डावीकडचं गटार झालं असेल, दुसऱ्या वर्षी उजवीकडचं, आणि अंदाजपत्रक करणाऱ्याने नाव फक्त उलटं लिहिलं असेल. हे आमच्याकडे नेहमीचं. कामाच्या नावावरून काही सिद्ध होत नाही. मोजमाप पुस्तक बघा, एमबी. त्यात कुठल्या बाजूला, किती मीटरपासून किती मीटरपर्यंत, रुंदी खोली सगळं असतं.

तिरकस_टाचणी | बुधवार, दुपारी ४:०२

लाल_फीत, टोमणा मागे घेतो. पण एक्सेल बदलण्याच्या भीतीवर उपाय सोपा आहे, मूळ फाइल तुमच्या साइटवर ठेवा. कोणी बदलली तर लोक मूळ उघडून बघतील. फाइल लपवली की खोटी जास्त चालते.

डबलरोटी | बुधवार, संध्या. ६:३०

सगळं ठीक आहे पण एक कडू बोलतो. आमच्याकडे आरटीआयवाला म्हटलं की बिल्डर पाकीट काढून ठेवतो. अर्ज टाकायचा, माहिती आली की ठेकेदाराला फोन, मग अर्ज "मागे". तीन जण तर गळ्यात कार्ड घालून फिरतात. मला या सगळ्या पारदर्शकता मंडळींबद्दल फारसा आदर उरलेला नाही, सॉरी.

सोनकेळी | बुधवार, रात्री ९:१०

डबलरोटी, तसले लोक आहेत, मीही वकिलीत पाहते. पण त्यांचं दुकान कशावर चालतं ते बघा ना. माहिती दोघांकडेच असते, ऑफिसकडे आणि त्याच्याकडे, म्हणून तिला भाव येतो. तीच यादी वेबसाइटवर असती तर तो विकणार काय, आणि ठेकेदार कशासाठी देणार? म्हणजे खंडणीचा इलाज कमी माहिती नाही, उघडी माहिती आहे.

आणि दुसरी बाजूही विसरू नका. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी, एक्स्प्रेसवेच्या आसपासच्या जमिनींचे व्यवहार त्यांनी याच कायद्याने बाहेर काढले, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांना मारलं. ते काही पाकिटासाठी नव्हते. जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा २०१४ ला संमत झाला आणि तो लागू करायचंच राहून गेलं.

डबलरोटी | बुधवार, रात्री ९:३५

मान्य. उघड्या माहितीचा मुद्दा पटला. कार्डवाल्यांबद्दलचं मत तेच.

मंडळ_अधिकारी_नाही | गुरुवार, सकाळी ६:१२

नावावरून गैरसमज नको, शेतकरी आहे, मराठवाडा. मोबाईलवरून लिहितोय, चुका समजून घ्या.

तुम्ही सगळे गटारावर बोलताय पण आमच्याकडे डेटा म्हणजे पाऊस. २४ तासात ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी, ६४ झाला तर नाही, आणि हे आमच्या शेतात नाही तर महसूल मंडळाच्या ठिकाणी जे यंत्र बसवलंय तिथे. माझं शेत तिथून बारा किलोमीटर. पण एक गोष्ट चांगली झालीय ती म्हणजे कृषी विभागाच्या साइटवर मंडळनिहाय रोजचा पाऊस दिसतो, मागच्या तारखाही काढता येतात. पूर्वी तहसीलला गेलं की एवढंच सांगायचे, तुमच्याकडे तेवढा पडला नाही, विषय बंद. आता पोरगा मोबाईलवर दाखवतो की बघा बाजूच्या चार मंडळात सत्तर-ऐंशी आणि मधल्या आपल्याच मंडळात अकरा, यंत्र बंद असणार. आम्ही गावातल्या तीस जणांनी तोच तक्ता जोडून अर्ज दिला. भरपाईचे पैसे अजून आले नाहीत, पण यंत्र तपासायला माणूस आला, झाडाची फांदी वर आली होती. एवढं झालं.

मीठभाकर | गुरुवार, सकाळी ७:५०

दादा, फांदी!! डोक्याला हात लावला.

पोफळीची_बाग | गुरुवार, सकाळी ११:००

आमच्या गोव्याचाही उल्लेख होऊ दे की. केंद्राच्या आधी आठ वर्षं, १९९७ मध्ये गोव्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, तामिळनाडूनेही त्याच वर्षी. आमच्याकडे खाणी आणि जमिनींचं रूपांतर हे दोन विषय असे की कागद हातात असल्याशिवाय ग्रामसभेत तोंड उघडून उपयोग नाही. ग्रामसभेत नकाशा पसरून भांडणारी म्हातारी माणसं मी लहानपणापासून बघतोय.

माहितीवाला_नाना | गुरुवार, दुपारी १२:३०

बागवाले, बरोबर. महाराष्ट्राचाही स्वतःचा होता, २००० चा अगदी पोकळ, मग २००२ चा बराच बरा, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला ऑगस्ट २००३ उजाडला आणि त्यासाठी अण्णा हजारेंना उपोषणाला बसावं लागलं. मी तेव्हा आझाद मैदानात दोन दिवस सतरंजीवर होतो, पाठ अजून बोलते.

पण मला कायद्यापेक्षा त्याच्या आधीचं जास्त आवडतं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटना, अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंग वगैरे मंडळी. १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना नावाच्या गावात पहिली जनसुनवाई घेतली. काय केलं, तर कामांची बिलं आणि हजेरीपत्रकं मिळवली आणि गावासमोर मोठ्याने वाचली. बस. अमुक अमुक इतके दिवस कामावर. समोर बसलेला माणूस उठून म्हणतो मी तर त्या कामावर गेलोच नाही. पुढे १९९६ ला ब्यावरला चाळीस दिवस धरणं, आणि ती घोषणा, हमारा पैसा हमारा हिसाब. आपल्याकडे रोजगार हमी त्यांच्या कितीतरी आधी होती, १९७७ चा कायदा, पण हजेरीपत्रक चावडीवर मोठ्याने वाचायचं आपल्याला सुचलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून टाचणी, तुमचं शीट वगैरे उत्तमच आहे पण माझ्या लेखी खडूफळाच्या घरात जे झालं, मुलगी वाचतेय आणि बाप लिहितोय, तीच जनसुनवाई.

आता गटार. लाल_फीत म्हणतात तेच खरं, एमबी बघा. आणि त्यासाठी अर्जसुद्धा नको. नोव्हेंबर २०१८ चं सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक आहे, जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांत आणि पालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला खुले ठेवायचे. पुणे महापालिकेत हे आधीपासून चालू होतं, तेच राज्यभर केलं. परिपत्रकाची प्रिंट बरोबर न्या, पुष्कळ ठिकाणी हे माहीतच नसतं. पाहण्याची यादी करून जा: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक, देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला. आणि टेप. मोजायची टेप.

थेम्सकाठी | गुरुवार, रात्री ११:४५ (इकडची संध्याकाळ)

लंडनहून. तुलना करायची म्हणून नाही, पण दोन गोष्टी उचलण्यासारख्या. इकडे माहिती स्वातंत्र्याचा कायदा २००० चा, प्रत्यक्षात जानेवारी २००५ पासून लागू, म्हणजे आपल्याहून काही महिनेच आधी. इकडच्या नगरपालिका ५०० पौंडांवरचा प्रत्येक खर्च स्वतःहून जाहीर करतात, आणि तोही शीटमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये. दुसरं म्हणजे मायसोसायटी नावाच्या संस्थेची एक वेबसाइट आहे २००८ पासून, तुम्ही अर्ज तिथूनच करायचा, तो सगळ्यांना दिसतो आणि उत्तरही तिथेच सगळ्यांना दिसतं. त्यामुळे एकाने मागितलेलं दुसऱ्याला परत मागावं लागत नाही. आपल्याकडे दहा माणसं तीच दहा पानं दहा वेळा मागतात, आणि लाल_फीत दहा वेळा झेरॉक्स काढतात.

बाकी इकडेही "खर्च मर्यादेबाहेर जातो" म्हणून नाकारणं जोरात आहे, स्वर्ग वगैरे नाही.

लाल_फीत | शुक्रवार, सकाळी १०:२०

दहा वेळा झेरॉक्स हे मात्र शंभर टक्के खरं. माझ्याकडे एकाच बांधकाम परवानगीची फाइल वर्षभरात सात जणांनी मागितली. साइटवर टाकू का विचारलं तर वरून तोंडी उत्तर आलं, "कशाला नसता उद्योग". लेखी मागितलं असतं तर मीच नसता उद्योग ठरलो असतो.

हो आणि आमच्यात एक वाक्य फेमस आहे, सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या सीबीएसई खटल्यातल्या निकालातलं, की ७५ टक्के कर्मचारी ७५ टक्के वेळ माहिती गोळा करण्यात घालवतायत असं चित्र नको. प्रत्येक प्रशिक्षणात कोणीतरी म्हणतंच. त्याच निकालाने विद्यार्थ्यांना उत्तरपत्रिका बघायचा हक्क दिला हे कोणी सांगत नाही.

सोनकेळी | शुक्रवार, दुपारी २:३०

मला या सगळ्यात सध्या जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. कलम ८(१)(ञ). आधी असं होतं की वैयक्तिक माहिती नाकारता येते, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा त्यामुळे खाजगीपणावर अवाजवी आक्रमण होत असेल तर, आणि व्यापक लोकहित असेल तर द्यायची. शेवटी ती सुंदर ओळ होती की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणा व्यक्तीलाही नाकारायची नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे सगळं पुसून एकच गोष्ट ठेवली, वैयक्तिक माहितीशी संबंधित असेल तर सूट. झालं. कलम ८(२) खाली लोकहिताचा मुद्दा अजून मांडता येतो, पण तो ओढून आणावा लागतो.

आता विचार करा, हजेरीपत्रकात नावं असतात, लाभार्थी यादीत नावं असतात, ठेकेदार प्रोप्रायटर असेल तर तेही माणसाचंच नाव. कोटकिरानात जे मोठ्याने वाचलं ते उद्या "वैयक्तिक" म्हणून देणार नाहीत. तशी वाट सुप्रीम कोर्टाच्या २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालापासूनच अरुंद होत चाललेली, अधिकाऱ्यांची मालमत्ता, मेमो सगळं वैयक्तिक.

तिरकस_टाचणी | शुक्रवार, दुपारी २:५५

पण ताई, थोडं उलटंही आहे ना. आम्ही एक लाभार्थी यादी उतरवत होतो त्यात बँक खाते नंबर आणि मोबाईल नंबर सकट सगळं होतं, साइटवर, उघडं. ते कोणाच्या उपयोगाचं, फसवणूक करणाऱ्यांच्याच. नाव-गाव-रक्कम ठेवा, खाते नंबर झाका, इतकं साधं आहे.

सोनकेळी | शुक्रवार, दुपारी ३:१०

तेच म्हणते मी. झाकायचं काय हे ठरवायची सोय जुन्या कलमात होती, आणि कलम १० मध्ये तर तेवढाच भाग वेगळा काढून बाकीचं द्यायची तरतूद आजही आहे. घर साफ करायला सांगितलं तर यांनी दारच बंद केलं.

खडूफळा | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, आलो जाऊन. सविस्तर लिहितो, थोडं लांबेल.

तीन वाजता पोचलो, बोर्ड वगैरे काही नव्हता. शिपाई म्हणाला आज मीटिंग आहे. नानांनी सांगितलेली परिपत्रकाची प्रिंट काढली. ती आत गेली, दहा मिनिटांनी बाहेर आली आणि मग एक कनिष्ठ अभियंता आला, तरुण मुलगा, माझ्याच शाळेचा निघाला (माझ्या वर्गात नव्हता, तुकडी ब). चहा मागवला. मी मनात म्हटलं आता हा गोड बोलून कटवणार. पण नाही, एमबी आणली.

पाटलांचं गटार: पहिल्या वर्षीची नोंद डावी बाजू, ० ते ८५ मीटर. दुसऱ्या वर्षीची उजवी बाजू, ० ते ८२ मीटर, पाटलांच्या घराकडून मोजलेलं. लाल_फीत, तुम्ही अक्षरशः बरोबर. येताना मुलीबरोबर टेप लावून मोजलं, दोन्ही बाजूंना गटार आहे, मी रोज त्यावरून जातो आणि माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर पाटलांनी मला गटारातच घातलं असतं.

पण शीटमध्ये अजून तीन जोड्या संशयाच्या होत्या. त्यातल्या दोन अशाच सुटल्या. तिसरी, एका रस्त्याचं डांबरीकरण, दीड वर्षाच्या अंतराने दोनदा, आणि तिथे दुसऱ्या कामाची नस्तीच सापडेना. कपाट उघडलं, रजिस्टरला नोंद आहे, फाइल नाही. मुलगा खरंच घामाघूम झाला. म्हणाला सर शोधून ठेवतो. मी लेखी मागितलं, त्याने आवक शिक्का मारून दिला.

माहितीवाला_नाना | सोमवार, रात्री १०:०५

शाब्बास. आता "नस्ती सापडत नाही" हे उत्तर लेखी आलं की महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा उल्लेख करून अपील करा. अभिलेख गहाळ करणं हा त्यात गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहुतेक वेळा हे वाक्य लिहिलं की आठ दिवसांत फाइल "दुसऱ्या कपाटात" सापडते.

लाल_फीत | सोमवार, रात्री १०:१८

नाना, त्या पोराला लगेच कैदेत नका घालू. खडूफळा सर, आधी स्थानिक निधी लेखापरीक्षणवाल्यांकडे नस्ती गेलीय का ते विचारा. ऑडिट पार्टी फाइली मागवते, परत आणायला कोणी जात नाही. नसेल तर मग नाना म्हणतात तसं.

मीठभाकर | सोमवार, रात्री १०:३०

आणि एक्सेलचं काय झालं??

खडूफळा | सोमवार, रात्री १०:४१

ते सांगायचंच राहिलं. उठताना मी परत विचारलं की बाबा रे ती एक्सेल दे ना. तो म्हणाला सर, तीन वर्षांच्या तीन फाइली आहेत, दोन माझ्याकडे, एक आधीच्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर होती, त्यांची बदली झाली आणि कॉम्प्युटर फॉरमॅट झाला. मी म्हटलं माझ्याकडे तिन्ही वर्षं एकत्र आहेत. तो दोन मिनिटं गप्प. मग दार ओढून घेतलं आणि म्हणाला, सर तुमची ती शीट मला मेल कराल का, जिल्ह्याहून तीन वर्षांची एकत्रित यादी मागितलीय आणि आमच्याकडे नाहीये.

डबलरोटी | सोमवार, रात्री १०:४४

😂😂😂 देऊ नका! दहा रुपयांचा स्टँप लावून अर्ज करायला सांगा. जोडपत्र अ.

माहितीवाला_नाना | सोमवार, रात्री १०:५०

आणि १८६ पानांत द्या. उलटीसुलटी.

खडूफळा | सोमवार, रात्री ११:०२

मुलगी पण हेच म्हणत होती. पण पाठवली. फक्त एक अट घातली, पालिकेच्या साइटवर तीच फाइल चढवायची, पीडीएफ करून नाही. साहेबांना विचारतो म्हणालाय. पुढच्या सोमवारी तीन वाजता परत जातोय, डांबरीकरणाच्या नस्तीसाठी. टाचणी, रिकाम्या साच्याची शीट इथे टाकता का, आणखी दोन प्रभागांतले लोक तयार झालेत, त्यांना कॉलम कुठले ठेवायचे ते कळत नाहीये. बाजू, डावी की उजवी, हा कॉलम पहिला ठेवा.